साडी निळीत पडली

आनंदाबाईंनी जे केलं ते चांगल्या मनानं केलं, हे पुढे सगळ्यांनी कबूल केलं. पण पुढे. लग्नाच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, नाकाडोंगरीच्या त्या अंगणात त्यांचं चांगलं मन कोणाच्या नजरेस पडलं नाही. नजरेस पडली ती धुण्याच्या दगडावर दोन तुकडे होऊन पडलेली, निळीचे चट्टे उठलेली साडी.

दीपमालाची वरात दुसऱ्या दिवशी दिघोरीहून यायची होती, म्हणजे जिल्ह्याच्या त्या टोकाहून या टोकाला. मंडपवाले खांब रोवत होते. मागच्या चुलीवर कुरड्या तळून टोपलीत पडत होत्या. आणि नवरीनं महिनाभर आधीपासून एकच हट्ट धरला होता, उभी राहीन तर आजीच्या पांढऱ्या रेशमी साडीतच. बौद्ध रीतीच्या लग्नात पांढरं नेसायचं म्हणून तिची आई रीना हिनं तुमसरहून एक चांगली साडी आणून ठेवली होती. तिला कोणी हात लावला नव्हता, आणि त्यावरून सासू-सुनेत पंधरा दिवस सरळ बोलणं नव्हतं. तू आण, मी देते, एवढ्यावर कारभार चालला होता.

आता आजीच्या त्या साडीला पांढरी म्हणायला जरा हिंमत लागायची. ती बदामी होती. जुनी झाली, पिवळी पडली, असं घरात सगळे म्हणत. खुद्द आजी, बायजाबाईही, तसंच म्हणत आल्या होत्या, जरी त्यांना पक्कं ठाऊक होतं की नवऱ्याच्या पिशवीतून निघाली त्या दिवशीही ती एवढीच बदामी होती. त्यांच्या थोरल्या जाऊबाईंना, आनंदाबाईंना, या पिवळेपणावर उपाय माहीत होता. पांढरं पिवळं पडलं की नीळ. त्यांनी सकाळीच कोणाला न विचारता पेटीतून साडी काढली, गरम पाण्यात सोडा आणि नीळ घालून ती दुपारपर्यंत भिजवली, मग दगडावर चार दणके देऊन, एक टोक पायाखाली धरून, पिळली. पंचाहत्तरीतही त्यांच्या मनगटात जोर होता. साडी मधोमध फाटली, आणि फाटताना आवाजसुद्धा झाला नाही.

बायजाबाई आल्या आणि नुसत्या उभ्या राहिल्या. त्यांचं काय गेलं ते त्या अंगणातल्या एकाही माणसाला कळणारं नव्हतं, कारण ती साडी त्यांच्या दृष्टीनं साडी नव्हतीच.

त्यांचे यजमान भैय्यालाल सत्तावीस वर्षं दूर, समुद्राकडच्या एका रेयॉनच्या कारखान्यात होते. दर वर्षी धान कापणीला वीस दिवस यायचे. आले की अंगाला सडक्या अंड्यासारखा वास यायचा, तीन आंघोळी झाल्या तरी जायचा नाही. बायजाबाई त्यांचे कपडे वेगळे, कुंपणावर वाळत घालायच्या आणि नाक मुरडायच्या. आणि ते गेल्यावर आठवडाभर त्याच कुंपणाजवळून जाताना त्यांची पावलं आपोआप मंद व्हायची. त्यात अठ्ठ्याहत्तर साली कापणी आली आणि भैय्यालाल आले नाहीत. चिठ्ठीही आली नाही. गावात बोललं जाऊ लागलं की भैय्यालालनं तिकडं दुसरं घर केलं. पहिल्यांदा ते कोण बोललं तर आनंदाबाई, विहिरीवर, दहा बायकांत.

पुढच्या वर्षी ते आले. पिशवीत ही साडी होती. बायजाबाईंनी ती नेसून, कुठलंसं निमित्त काढून, गावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक फेरी मारली. रेशीम आहे, म्हणाल्या. दुसरं घर करणारा माणूस पहिलीला रेशीम आणत नाही, हे गावाला पटलं. त्यांना स्वतःला पटलं का? त्यांनी त्या वर्षाबद्दल कधी विचारलंच नाही. विचारलं तर उत्तर मिळेल, ही धास्ती होती. साडी पेटीत होती तोवर विचारायची गरज नव्हती. चौतीस वर्षं ते एक वर्ष त्या पेटीत घडी घालून ठेवलेलं होतं, आणि आता ते दगडावर ओलं पडलं होतं.

"मोठी माय, काहून हात लावला तुमी तिले?" चिखल्याच्या खाणीतून ड्यूटी संपवून आलेला अंकुश, दीपमालाचा बाप, सायकल न लावताच बोलला. "इचारता येत नोहतं कोनाले?"

"अरे बापा, पोरीसाठीच केलं ना मी. पिवळी साडी नेसून उभी राहीन का ते?"

"आता काय नेसन?"

"माह्यावर कायले गुरगुरतं? धुतल्यानं कोन्ती साडी फाटते?" आनंदाबाईंचा आवाज चढला. बाई कोंडीत सापडली की मागे सरत नाही, पुढेच येते. "माह्या मायचं लुगडं कोशाच्या रेशमाचं होतं. वीस वर्स तळ्याच्या दगडावर आपटलं मी. सूत नाही हाललं त्याचं. रेशीम असं कागदावानी फाटते का? हे रेशीम नाहीच, मी सांगतो."

मंडपवालासुद्धा खांबावर हात ठेवून ऐकू लागला.

"रेशीमच आहे ते," बायजाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज त्यांनाच परका वाटला.

"मंग जाळून पाहा ना एक सूत. रीना, तू शिवनकाम करतं, तुले येते ना पारखता? जाळ."

रीनाला येत होतं. गावातल्या बायका ब्लाऊजची कापडं घेऊन यायच्या, दुकानदारानं काय सांगून काय गळ्यात मारलं ते तिलाच विचारायच्या. रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो, ज्योत धड धरत नाही आणि काळा दाणा उरतो, तो चिमटीत चुरतो. पॉलिस्टर जळत नाही, वितळतं, आणि त्याचा मणी इतका कडक होतो की दातानं फुटत नाही. सुती सरळ कागदासारखं जळून जातं. हे सगळं ती गिऱ्हाइकांना दिवसातून दोनदा सांगायची. आता तिनं सासूकडे पाहिलं. मग तिनं फाटलेल्या काठातून दोन सुतं ओढली, पदरानं पुसली, चुलीच्या धगीवर धरून वाळवली आणि काडी लावली.

ज्योत भर्रकन वर धावली. चिमूटभर राखाडी राख उडाली आणि जळक्या वहीच्या पानाचा वास आला.

रीनानं मूठ मिटली. "केसाचाच वास येऊन राहिला," ती म्हणाली. "रेशीमच आहे, मोठ्या आई. जुनं झालं की फाटते."

बायजाबाईंच्या नाकाला काही झालं नव्हतं. त्यांना वास आला होता, आणि तो कशाचा हेही कळलं होतं. पंधरा दिवस तोंड फिरवून असलेली ही सून आपल्यासाठी एवढ्या माणसांत धडधडीत खोटं बोलते आहे, हे कळून त्यांना गलबलून आलं.

"कागदाचा वास आहे, बाई," मागून आवाज आला. "मले इथपर्यंत आला."

भैय्यालाल मंडपाच्या सावलीत, नेहमीसारखे उजेडाकडे पाठ करून, बाजेवर बसले होते. ज्या उन्हाळ्यात जिल्ह्याचे दोन तुकडे झाले आणि अर्धे सोयरे गोंदियात गेले, त्याच उन्हाळ्यात ते कायमचे घरी आले. तेव्हापासून तेरा वर्षांत ते कारखान्याबद्दल तेरा वाक्यंही बोलले नसतील.

"बाबा, तुमी राहू द्या," रीना म्हणाली.

"कायले राहू देऊ? ते रेयॉन आहे. लाकडाचं."

आनंदाबाईंना हसू आवरलं नाही. "लाकडाची साडी? आइका. मंग धुवाले नाही, रंद्यावर न्या लागत होती."

"लाकडाचीच, वैनी. तुमी आता कुरड्या केल्या ना? तसंच आहे."

"कसं, आबाजी?" दीपमालानं विचारलं. तिच्या हाताला मेंदी होती, म्हणून ती हात हवेत धरून आली आणि त्यांच्या पायाशी बसली. नवरीनं विचारल्यावर सगळेच थोडे जवळ सरकले.

"कुरडीले गहू भिजवता, वाटता, चीक काढता, आंबू देता. तिथं लाकडाचा लगदा. पुठ्ठ्यावानी जाड जाड तावं येत. ते कास्टिक सोड्याच्या पान्यात भिजवाचे, दाबून पिळाचे, मंग दळून कापसावानी भुगा कराचा. तो भुगा ठेवून द्याचा, मुरू द्याचा. मंग त्यात कार्बनवालं औषध पडे. पांढरा भुगा नारिंगी होऊन जाय, संत्र्याच्या सालीवानी. ते पुन्हा सोड्याच्या पान्यात विरघळवलं की असा चीक तयार होते, मधावानी घट्ट. त्यालेबी आंबू द्या लागते. घाई केली की सूत नाही धरत."

"आन् साचा?"

"साचा आहे ना. आमी त्याले जेट म्हनू. अंगठ्याएवढी टोपी, तिले छेद केसाहून बारीक. त्यातून चीक दाबाचा. पन कुरडी पडते उन्हात, हे पडे तेजाबात. तेजाबात पडल्याबरोबर धार गोठे आन् तिचं सूत होय. वर ओढून गुंडाळाचं. माही मशीन तेच. सत्तावीस वर्स मी कुरड्याच पाडल्या म्हना."

कोणीतरी हसलं. भैय्यालालही थोडे हसले. बायजाबाई त्यांच्याकडे पाहत होत्या. हा माणूस रोज आठ तास काय करत होता ते त्यांना आज, नातीच्या लग्नाच्या तोंडावर, कुरडीच्या भाषेत कळत होतं.

"लाकूड आपल्या जंगलाचं का, आबाजी?"

"नाही बाई. जहाजानं येत जाय. परमुलकाची झाडं."

"म्हंजे नकलीच ना शेवटी," आनंदाबाई सोडायला तयार नव्हत्या.

"बनवनारे नक्कल कराले निघाले खरे. रेशमावानी चमक पाहिजे होती त्यायले. चमक आली. पन रेशीम किड्याचं, हे झाडाचं. कापूसबी झाडाचाच. कापसाचं सूत झाड स्वतः करते, याचं मानसाले करा लागते, एवढाच फरक. तुमचं पॉलिस्टर पाहा, ते तेलातून निघते. उन्हाळ्यात अंगाले चिकटते, घाम पेत नाही. हे घाम पेते, थंड राह्यते, अंगावर पडते कसं, पान्यावानी." ते थांबले. "एकच खोड आहे. ओलं झालं की याची निम्मी ताकद जाते. वाळलं की वापस येते. म्हनून ओल्यात पिळा नाही लागत. तुमची चुकी नाही, वैनी. मी सांगालेच पाहिजे होतं."

आनंदाबाई हे ऐकायला तयार होऊन बसल्या नव्हत्या. भांडायला निघालेल्या बाईला कोणी माफच करून टाकलं की तिनं जावं कुठं? त्या पदर नीट करत बसल्या.

बायजाबाई वाकल्या. त्यांनी साडीचे दोन्ही तुकडे न पिळता उचलले, गळत्या पाण्यासकट, आणि परसात गेल्या. परसातल्या दोरीवर त्यांनी पहिला तुकडा टाकला. मागून भैय्यालालची पावलं वाजली.

आनंदाबाईही उठत होत्या, पण रीनानं त्यांचा दंड धरला. "मोठ्या आई, कुरड्या करपून राहिल्या," ती म्हणाली आणि त्यांना चुलीकडे घेऊन गेली. कुरड्या काही करपत नव्हत्या.

"मले रेशीम म्हनून काहून देली तुमी?" बायजाबाईंनी न वळता विचारलं.

"मी नाही म्हनलो रेशीम. मी पिशवी देली. उघडून तूच म्हनली."

बायजाबाईंना आठवलं. खरंच. त्याच म्हणाल्या होत्या. दारात आनंदाबाई उभ्या होत्या आणि त्यांना ऐकू जावं म्हणून जरा मोठ्यानंच म्हणाल्या होत्या. समोरचा माणूस एवढा दमलेला होता की त्यानं दुरुस्ती केली नाही.

त्यांनी दुसरा तुकडा दोरीवर टाकला. हात रिकामे झाले. आता धरायला काही नव्हतं आणि लपवायलाही काही नव्हतं.

"त्या साली तुमी कुठं होते जी?"

चौतीस वर्षांनी प्रश्न तोंडाबाहेर पडला, तोही पाणी कुठं ठेवलं विचारावं इतक्या साधेपणानं. भैय्यालाल दोरीच्या खांबाला टेकून खाली बसले.

"दवाखान्यात. मंग खोलीवर. डोळे गेले होते."

बायजाबाई वळल्या.

"तेजाबावरून वाफ उठे. सूत पाडनाऱ्यायले होत जाय तसं. आधी दिव्याभोवती रंगाची कडी दिसे, मंग डोळ्यात रेती भरल्यावानी लागे. दोन दिवस अंधारात निजलं की बरं वाटे. त्या खेपेस बरं नाही झालं. आत जखम झाली. तीन महिने पट्टी होती. डाक्टर म्हने, उजीड दिसीन का नाही, सांगता येत नाही."

"मले कळवलं नाही तुमी."

"कसं कळवू? आंधया मानसानं चिठ्ठी कशी लिहावं? दुसऱ्याच्या हातानं लिहिली असती तं पाकीट उघडल्याबरोबर तुले अक्षर परकं दिसलं असतं. तुया कडेवर लहाना पोरगा, प्रफुल्ल, शेतात धान उभं. म्हनलं, दिसाले लागलं की सोताच लिहीन."

"साडी मंग?"

"त्यातलीच. शेजारचा कवडू म्हनून पोरगा होता आपल्या इकडला, तो हात धरून दुकानात घेऊन गेला. म्हनलं, दिसन का नाही भरवसा नाही, हिच्यासाठी एक पांढरी घेऊन ठेवावं. दुकानदारानं हातात साड्या देल्या एकेक. कोशाची खरखरीत लागली, सुती जाड लागली. एकीवर हात ठेवला आन् थंडगार. ओळखीचं. दिवसभर हाताखालून जानारं सूत ते, आंधया मानसालेबी कळते. म्हनलं, हेच द्या, पांढरी आहे ना? हाव म्हने."

बायजाबाई दोरीवरच्या बदामी कापडाकडे पाहत राहिल्या. मग त्यांच्या तोंडून हसूही निघालं आणि रडूही, आणि कोणतं आधी हे त्यांना कळलं नाही.

"पट्टी सुटल्यावर तं दिसलं असन ना, पांढरी नाही म्हनून? बदलून नाही आनली?"

"कवडू म्हने, चल, बदलून आनू. मी नाही म्हनलो. तीन महिने उशाशी होती ते. रात कोन्ती, दिवस कोन्ता, समजत नोहतं. तिच्यावर हात ठेवून निजत होतो. बदलली असती तं दुसरीच कोन्ती झाली असती." त्यांनी डोळे चोळले. "रंगाचं काय घेऊन बसली."

मंडपात कोणीतरी खिळा ठोकत होतं. बायजाबाई त्यांच्याजवळ जमिनीवर बसल्या. एवढी वर्षं त्यांना वाटत आलं होतं की हे एक उत्तर मिळालं की आपण सुटू. त्या सुटल्या नाहीत. उलट आता एक वेगळीच कळ उठली. दुसरी बाई असती तर निदान रागावता आलं असतं. इथं तर एका कोंदट खोलीत पट्टी बांधलेला एकटा माणूस बसला होता, आणि त्याच्याकडे कोणीही गेलं नव्हतं.

"मंग आल्यावरतरी सांगाचं होतं," त्या म्हणाल्या.

"पट्टी सुटल्यावर लिहिनार होतो, आल्यावर सांगनार होतो. पन त्या साली तुयीबी एक चिठ्ठी नाही आली. दर महिन्याले येत जाय. पोस्टमन आला का मी कवडूले इचारो, हाय का? तो म्हने, नाही. मले वाटलं, तुया मनात काही आहे. आल्यावर तू काही इचारलं नाही, मंग मीबी राहू देलं."

बायजाबाई चौथी शिकलेल्या. त्यांचं अक्षर टपोरं, गावातल्या अर्ध्या बायकांची पत्रं त्याच लिहायच्या. त्या वर्षी त्यांनी नवऱ्याला एकही पत्र लिहिलं नव्हतं. आधी त्यांची चिठ्ठी येऊ दे, मग मी लिहीन, असं ठरवून बसल्या होत्या. रागानं, मानानं, आणि विहिरीवरच्या बोलण्यानं. तिकडे तो माणूस न दिसणाऱ्या डोळ्यांनी पोस्टमनची वाट पाहत होता.

"लिहिली नाही मी," त्या म्हणाल्या. "राग आला होता. चुकलंच माह्यं."

"आली असती तरी कवडूकडून वाचून घ्या लागली असती. बरंच झालं. तुया गोष्टी कवडूनं कायले आइकाच्या?"

"माय," अंकुशची हाक आली, "दिघोरीवाल्यायचा फोन आहे."

"थांबा म्हन त्यायले," बायजाबाई म्हणाल्या. त्यांनी पदरानं तोंड पुसलं, मांडी नीट घातली आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले. भैय्यालालकडे न पाहता, पत्र लिहिताना वापरायच्या त्याच शुद्ध बोलीत, त्यांनी सुरुवात केली.

"सप्रेम जय भीम. पत्र लिहिण्यास कारण की, तुम्ही कापणीला आले नाही. आम्ही सर्व ठीक आहोत. तुमची तब्येत कशी आहे? धान कापले. अंकुश शाळा सोडून आठ दिवस माझ्यासोबत कापायला होता, त्याच्या बोटाला इळा लागला, आता बरा आहे. लाल गाय व्याली. प्रफुल्ल पहिल्यांदा दोन पावले चालला. तिसऱ्याला पडला. तुमच्या सदऱ्याला धरून उभा राहिला होता, कुंपणावर होता तो. मी तो धुतला नाही. धुतला तर तुमचा वास जाईल म्हणून ठेवला आहे. लोक काही बोलतात. मी ऐकत नाही, पण ऐकू येते. तुम्ही कधी येता ते लवकर कळवावे. मला करमत नाही."

त्या थांबल्या. भैय्यालालनी डोळे मिटून घेतले होते. अंकुशनं पुन्हा एकदा हाक मारली.

"पुन्हा वाच," भैय्यालाल म्हणाले.

बायजाबाईंनी घसा साफ केला आणि सप्रेम जय भीमपासून पुन्हा सुरुवात केली.